मागच्या चाकाची हवा

पुंजा दोन फटफट्यांच्या मधोमध एका धोंड्यावर बसला आणि त्याने डॉक्टरांचा नियम पुन्हा म्हणून दाखवला.

"ज्याची गाडी त्यानं तिला हात लावायचा नाय. पाळी येईस्तवर नाय."

रंगनाथने मान डोलावली, हनीफनेही डोलावली. पुंजा दवाखान्याचा शिपाई होता आणि आज तोच पंच होता.

हरसूलच्या अलीकडे गाडीरस्ता संपतो आणि ओढ्याची दगडी नाळ सुरू होते, तिथे हे चाललं होतं. डोंगरातल्या पाड्यांवर देवीची लस पोचवायला स्वतःची फटफटी असलेला माणूस दवाखान्याला हवा होता. जागा एक, उमेदवार दोन. डॉक्टर विलायतेत शिकलेले. तिकडे दगडधोंड्यांतून फटफट्या चढवायच्या परीक्षा होतात, त्यांत वेगाला किंमत नसते. तळापासून माथ्यापर्यंत ज्याचा पाय जमिनीला कमी वेळा टेकेल तो जिंकला. पाय टेकला म्हणजे तोल गेला, आणि तोल गेला की लशीच्या कुप्या फुटल्या, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी त्यांनी पुस्तक उघडून, त्यात लिहिली होती तेवढी हवा चारही चाकांत भरायला लावली. माप लावून पाहिली. चाकं दगडासारखी टणक झाली तेव्हाच ते माथ्यावर गेले आणि छत्री उघडून बसले.

रंगनाथने सहा वर्षं आग्रा रोडवर लॉरी चालवली होती. चांदवडच्या घाटात हवा कमी असलेलं चाक फुटून गाडी कशी उलटते, ते त्याने जवळून पाहिलं होतं. दिवाळीला मालकाने लॉरी विकली, तेव्हापासून तो घरी होता. आज निघताना त्याच्या बायकोने, लंकाबाईने, भाकरी बांधून दिली आणि पिठाचा रिकामा डबा त्याच्यासमोर उपडा करून ठेवला.

हनीफ त्याच्याच गल्लीतला, भद्रकालीतला. आधी तो सायकलवर पाव घेऊन गोदावरीच्या वाळूतून पलीकडच्या गावांना जायचा. त्याच्या सायकलीच्या चाकांत कधी पुरती हवा नसायची, म्हणून पोरं त्याला आळशी म्हणून चिडवायची; पण ती सायकल वाळूत कधी रुतली नाही. पुढे त्याने देवळालीच्या लष्करी लिलावातून ही फटफटी आणली आणि वर्षभर तिच्यामागे खपला. साखळी रॉकेलमध्ये धुतली, चाकाच्या तारा एकेक वाजवून ताणल्या, दगडाला लागू नये म्हणून धुराची नळी वर उचलून बांधली.

काल प्लग घासता घासता तो रंगनाथला म्हणाला होता, "बाकी काही बिघडलं तरी निभावून नेईन, रंगनाथभाऊ. मागच्या चाकाची हवा तेवढी राहू दे. ती गेली की मी गेलो."

रंगनाथला रात्रभर झोप लागली नव्हती.

दुपारी हनीफने ओढ्यावर हातपाय धुतले, उपरणं पसरलं आणि पश्चिमेकडे तोंड करून नमाजला उभा राहिला. गाड्या त्याच्या पाठीमागे राहिल्या. नमाजात तो मान वळवणार नाही, हे रंगनाथला ठाऊक होतं.

तो उठून हनीफच्या गाडीपाशी गेला. पुंजाने डोळे बारीक केले.

"हात लावायचा नाय."

"माझी ती पलीकडची."

पुंजाने नियम मनात घोळवून पाहिला. "मंग चालंल," म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

मागच्या चाकाच्या वालाची, हवा भरायच्या नळीची, टोपी दोन बोटांनी फिरली, जणू कोणी ती सैल करूनच ठेवली होती. रंगनाथने बाभळीच्या काट्याने आतली पिन दाबली. हवा सुसू करत सुटली. नुसत्या नजरेला कळणार नाही इतकीच सोडायची, असं त्याने ठरवलं होतं. हनीफची नमाज आटोपली, पण तो आज उठला नाही. हात पसरून दुआ मागत बराच वेळ बसून राहिला. रंगनाथने टोपी लावली आणि जागेवर येऊन बसला.

पहिली पाळी रंगनाथची. टणक चाक ओल्या दगडावर चेंडूसारखं उडालं. पाय तीनदा टेकला. माथ्यावर डॉक्टरांनी तीन बोटं दाखवली.

मग हनीफ निघाला. डावीकडे वीस हात खोल कडा होता. रंगनाथ खालून पाहत होता. पहिल्या मोठ्या दगडावर मागचं चाक दबून पसरलं. आता ट्यूब फाटणार, गाडी डावीकडे जाणार. हनीफच्या बायकोला, जहिदाला, काय सांगायचं? नोकरी, लंकाबाई, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो नाळेतून वर पळत सुटला.

"हनीफ, थांब. चाकात हवा नाही. मीच सोडली."

इंजिनाच्या आवाजात त्याचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत. चाक दगड धरून धरून चढत होतं. वरच्या पायरीवर पुढचं चाक उडालं, गाडी कड्याकडे झुकली, रंगनाथने डोळे मिटले. उघडले तेव्हा हनीफ माथ्यावर होता. डॉक्टरांनी मिटलेली मूठ वर केली होती. पाय एकदाही टेकला नव्हता.

डॉक्टर छत्री आवरून चाकांची हवा पुन्हा मोजायला निघाले. त्यांच्या आधी हनीफ गाडी उतरवत रंगनाथपाशी आला, सीटखालचा पंप काढला आणि त्याच्या हातात दिला. रंगनाथ खाली मान घालून मागच्या चाकात हवा भरू लागला.

हनीफ शेजारी उकिडवा बसला.

"पुढच्या चाकाची का नाही सोडलीस?" त्याने हळूच विचारलं. "मी तर दोन्ही चाकांसाठी दुआ मागत बसलो होतो."