पाहून झालेली घरं

"शाई वाळेपर्यंत कागदाला कुणी हात लावायचा नाही," मावशींनी बजावलं. बेकरीवाल्यानं पुढे केलेलं बोट मुकाट्यानं मागे घेतलं.

औषधाच्या दुकानात, काउंटरमागच्या टेबलावर, वस्ती उमटत होती. आधी रस्ते, मग घरं, मग जिने, गच्च्या, पाण्याच्या टाक्या. मावशी मोजणी कचेरीतून निवृत्त झालेल्या. टाक आणि काळी शाई घेऊन बसल्या की त्यांना टेप लागत नसे. कुणाच्या ओट्यानं किती रस्ता खाल्लाय हे त्यांना पाठ होतं, आणि न विचारता त्या ते सांगतही. म्हणून अर्धी वस्ती त्यांना मान देई आणि उरलेली अर्धी त्यांना टाळे.

औषधवाल्याची बायको काल दुपारपासून बेपत्ता होती. चपला घरात, पर्स घरात, बाई नाही. चौकीचा साहेब औषधवाल्याचा पत्त्यातला भिडू. त्यानं आपली माणसं नदीकडे पाठवली आणि वस्ती तुम्हीच धुंडाळा म्हणाला.

पद्धत मावशींनी घालून दिली. वस्तीचे दोन भाग. वरचा बेकरीवाला आणि त्याच्या मेहुण्याकडे, खालचा शिंपी आणि व्यायामशाळेच्या सरांकडे. घर आतून पाहिलं की येऊन सांगायचं. मग मावशी त्यावर तिरप्या रेघा ओढणार. रेघा पडल्या की ते घर पाहून झालं, तिकडे परत जायचं नाही.

"आम्ही कापडावर खडूनं मारतो तशाच की," शिंपी म्हणाला.

"तुझ्या रेघेवर कापलेली बाही माझ्या कोपरापर्यंत पोचत नाही. माझी रेघ तशी नाही."

सगळे हसले, आणि औषधवाल्याकडे लक्ष जाताच ओशाळले. तो स्टुलावर बसून रडत होता. गुणी माणूस. कधी कुणावर आवाज चढवला नाही. बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या आणि नवरे त्याच्यावर मनातून खार खायचे. आज तेच नवरे त्याच्यासाठी लोकांच्या माळ्यांवर चढत होते.

"भाऊ, धीर धरा," सर म्हणाले आणि शिंप्याला घेऊन निघाले.

दुपारभर जोड्या येत-जात राहिल्या.

"लॉन्ड्री झाली. गठ्ठे उपसून पाहिले."

"छापखाना झाला. उंदीर तेवढे सापडले."

"मावशी, तुमचंही घर पाहिलं बरं का. अगदी पलंगाखाली."

"मग केर तरी काढायचा होतास."

रेघा वाढत गेल्या. कागद काळवंडत चालला, आणि पांढरं कमी होईल तसं दुकानातलं बोलणंही कमी झालं. माणूस जिवंत सापडावं अशा जागा संपत आल्या होत्या. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

ऊन उतरल्यावर औषधवाला उठून मावशींच्या पाठीशी येऊन उभा राहिला. बराच वेळ. त्याचा श्वास त्यांच्या मानेला लागत होता.

"मावशी, छापखाना आणि लॉन्ड्रीच्या मधे एक बोळ आहे ना? टोकाला छापखान्याची कागद ठेवायची खोली आहे बघा."

टाक थांबला.

बोळ काढलेलाच नव्हता. दोन भागांची हद्द नेमकी तिथूनच गेली होती. बेकरीवाल्याला तो शिंप्याकडे वाटला असणार, शिंप्याला बेकरीवाल्याकडे. अख्ख्या नोकरीत मावशींच्या कागदावर कधी चुकीचा शेरा पडला नव्हता. चूक झाली म्हणायला कितीसं लागतं? पण हुशार माणसाच्या जिभेला तेवढंच जड जातं. बाई त्या बोळात पडलेली असेल, अजून धुगधुगी असेल, तर आता पळत सुटायला हवं होतं.

"आहे की," त्या म्हणाल्या. "बारीक म्हणून काढायचा राहिला. पाहून झालाय तो."

"कुणी पाहिला?"

"बेकरीवाल्यानं."

बेकरीवाला नुकताच पायरीवर टेकला होता. "मी?"

"छापखान्याबरोबरच नाही का सांगितलंस? म्हातारी मी झाले आणि विसरायला लागलास तू!"

बेकरीवाल्यानं मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्यानं खांदे उडवले. इतके माळे आणि मोऱ्या पाहून दोघांच्या डोक्याचा भुगा झाला होता. शिवाय मावशींशी हुज्जत घालून आजवर कोण जिंकलंय?

"असेल," तो म्हणाला. "पाहिलाच असेल."

मावशींनी बोळ काढला, टोकाला खोली काढली आणि दोन्हींवर रेघा ओढल्या.

औषधवाला ओल्या शाईकडे पाहत राहिला. मग मावशींचे दोन्ही हात धरून हमसाहमशी रडला. "म्हणजे आता नदीच," तो म्हणाला. शिंप्यानं डोळे पुसले. शटर अर्ध्यावर आलं आणि लोक पांगले.

मावशी निघाल्या, पण घरी गेल्या नाहीत. बोळ इतका अरुंद की त्यांना अंग तिरपं करून चालावं लागलं. टोकाच्या खोलीचं दार त्यांनी ठरल्याप्रमाणे नखानं खरवडलं. आतली कडी निघाली.

औषधवाल्याची बायको दाराआड उभी होती.

"येतोय का तो?" तिचा आवाज जेमतेम फुटत होता.

"नाही. ही जागा पाहून झालीय त्याच्या लेखी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "रडला?"

"खूप."

"माझा गळा दाबतानाही रडतच होता."