सात वेळा

कामगार प्रेसमशीनखाली चिरडला गेला, तेव्हा कारखान्यानं हात झटकले. “त्यानं थांबवायचं बटणच दाबलं नाही.” मशीनचा प्रोग्रॅम दाखवायलाही नकार दिला. मग कोर्टानं नेमलेल्या संशोधक मॅडमनी मशीनच्या चिपमधले नुसते शून्य-एक उतरवून ते चार महिने डोळे फोडून वाचले. आज मॅडम त्या कामगाराच्या बायकोकडे आल्या. “ताई, त्यांची चूक नव्हती. लाल बटण त्यांनी सात वेळा दाबलं. मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम तेव्हा स्वतःला अपडेट करत होती, म्हणून ते थांबलंच नाही.” तिच्या डोळ्यांना धार लागली. “आणि मी लेकीला सांगत होते, तुझा बाप वेंधळा होता!” मॅडमना हायसं वाटलं. तेवढ्यात तिनं विचारलं, “सात वेळा म्हणजे किती वेळ?” मॅडमची जीभ रेटेना, पण खोटंही बोलवेना. “नऊ सेकंद.” ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. सेकंदकाटा नऊ घरं सरकल्यावर म्हणाली, “एवढा वेळ?”