राखीव डबा
“अभिनंदन, बाई! जनुकं तंतोतंत जुळली!” अन्नतपासणी प्रयोगशाळेचे साहेब खुशीत म्हणाले. दवाखान्यातल्या पेशंटच्या रक्तातला जंतू आणि बाईंनी तपासलेल्या सतरा नंबरच्या तयार सॅलडमधला जंतू एकच होता. ती पेशंट म्हणजे बाईंचीच सून होती, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. याच जंतूमुळे सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. “सतराचा राखीव डबा काढा, पुन्हा तपासू.” फेरतपासणीसाठी ठेवलेला तो दुसरा डबा बाईंनीच घरी नेला होता. सुनेला घरचं काही पचत नव्हतं; हा पाला मात्र तिनं चाटूनपुसून खाल्ला. पाच दिवसांनी तपासणीत जंतू सापडला, तेव्हा ‘पोरगी धडधाकट आहे, काही होत नाही’ म्हणत बाईंनी ते घरी सांगितलंच नाही. संध्याकाळी घरी सुनेच्या उशाशी तोच डबा दिसला, धुतलेला. आत विणलेले इवले मोजे. “आई, कशामुळे झालं, कळलं का हो?” झाकणावरच्या आकड्यावर हात ठेवत बाई म्हणाल्या, “अजून नाही गं.”