हिरव्या बुटांची मालकीण

"तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते," धाकटी म्हणाली आणि तान्हं बाळ ठेवावं तसे हिरवे बूट तिनं टेबलावर ठेवले.

समोर प्रदर्शनवाली बाई वही उघडून बसली होती. हातानं घडवलेल्या जुन्या बुटांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्यातल्या एका नामांकित कारागिराचे तीनच जोड आता शिल्लक होते. चौथा आपल्याकडे आहे, असं पत्र धाकटीनं पाठवलं, म्हणून बाई तीन जिने चढून या दोन म्हाताऱ्या बहिणींच्या घरी आली होती. बुटांशेजारी पाटी लागणार होती. ज्या बाईसाठी ते घडवले, तिचं नाव त्या पाटीवर छापणार होते. धाकटीचं नाव आजवर फक्त विजेच्या बिलावर छापलं गेलं होतं, तेही चुकीचं. तिला ती पाटी हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती. थोरली गुडघ्यांच्या व्यायामाला गेली होती, बारापर्यंत काही येत नव्हती. आणि त्याच गुडघ्यांमुळे ती प्रदर्शनालाही जाणार नव्हती.

"मी त्याच्या कारखान्यात वरचं चामडं शिवायला होते," धाकटी म्हणाली. "एकदा वेंधळ्यासारखा सरसाच्या घमेल्यात पाय घातला. बाहेर काढला, तो जमिनीला चिकटला. तिघांनी मिळून ओढलं मला. पाय सुटला असेल म्हणता? छे! जमिनीची फळीच उचकटून आली पायाबरोबर! आठ दिवस फळीसकट घरी जात होते. बसवाल्या मेल्यानं दोन तिकिटं काढायला लावली."

बाई खळखळून हसली. पेन मात्र थांबलं नाही. धाकटीला हे गणित पक्कं ठाऊक होतं. आपली स्तुती लोक पारखून घेतात, फजिती मात्र डोळे मिटून घेतात.

"शेवटी मालकालाच दया आली. म्हणाला, पोरी, या पायांना कुणीतरी नीट वागवायला हवं. माप घेतलं, माझ्या पायाचा लाकडी साचा कोरला, त्यावर हे चढवले. माझे पाय म्हणजे काय, होड्या नुसत्या!"

"पण बूट तर किती नाजूक आहेत."

"तीच तर त्याची करामत! होडी घेतली न् शिंपला करून दिला."

मग तिनं एक बूट उचलून उजेडात धरला आणि तिचा आवाजच बदलला. "ही टाच बघा. आत लाकूड आहे, पण चामडं असं ताणलंय की सांधा नखालासुद्धा लागत नाही. आणि हे टाके. वळण आलं की एकेक टाका बारीक होत जातो. डोळ्यांना कळत नाही, पायाला कळतं."

यात तिळभरही थाप नव्हती. एक्केचाळीस वर्षं ती या बुटांच्या प्रेमात होती. जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळून तिनं ते ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं झटकायची. घालायची ते फक्त न्हाणीघरात, कडी लावून, नळ सोडून. बोटं अशी आवळली जायची की डोळ्यांत पाणी यायचं. एवढं सौंदर्य पाहून माणूस हेलावतोच, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

बाईनं डाव्या बुटावरून बोट फिरवलं. "करंगळीपाशी हा फुगवटा आहे. तो कारागीर पायातला दोषसुद्धा साच्यात उतरवायचा. त्यावरूनच आम्ही जोड कुणाचा ते ओळखतो."

धाकटीला तो फुगवटा आजवर फॅशन वाटत होता.

"फळी!" ती म्हणाली. "ती फळीच पडली ना करंगळीवर. कायमची वाकडी झाली बिचारी."

"बघू?"

धाकटीनं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले. "नको हो. आता ते पाय कुठले, उकडलेले बटाटे आहेत. बटाट्यात करंगळी कुठं शोधणार तुम्ही?"

बाई पुन्हा हसली आणि तिनं वहीचं पान उलटलं. "बरं, पाटीवर नाव काय घालू? पूर्ण सांगा."

धाकटीनं खोल श्वास घेतला. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"आजच बरा रजेवर गेला तो व्यायामवाला," म्हणत थोरली आत आली. तिनं दारातच चपला काढल्या. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. बाईचं पेन थांबलं.

"ताई, दमली असशील. आत जाऊन जरा पड," धाकटी घाईघाईनं म्हणाली.

थोरली आत गेली नाही. ती टेबलापाशी आली, डावा बूट उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हे माझे आहेत," ती बाईला म्हणाली. "त्या कारखान्यात मी होते. नोकरी सोडताना मालकानं माझ्या पायावर घडवून दिले." मग ती बहिणीकडे वळली. "आणि तू एका संध्याकाळपुरते मागून नेलेस, आणि बूट पुलावरून नदीत पडले म्हणून रडत घरी आलीस."

"अगं ताई, ते नंतर असं झालं की…"

"गप्प, खोटारडे! चार दिवस काठी घेऊन नदी ढवळली मी. तापानं फणफणले. आणि तू माझ्या उशाशी बसून चमच्यानं औषध पाजत मला सांगत होतीस, 'जाऊ दे गं ताई, वस्तूंचा इतका मोह बरा नव्हे!'"