वेशीतून

वारंगा फाट्यावर नव्या चर्चची मरियामाता टेम्पोतून उतरवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवली, आणि अनुसयाबाई कुणाचा हात न धरता ट्रॉलीत चढल्या. गुडघे दुखतात हे त्या दिवशी त्या विसरूनच गेल्या. मूर्ती कडब्यात कमरेपर्यंत घट्ट रोवलेली. वर निळा पदर, कडेवर लेकरू. वाटभर अनुसयाबाई तिच्या तोंडावरची धूळ पुसत होत्या आणि कुठलं शेत कुणाचं ते तिला सांगत होत्या.

गाव जवळ आलं तसा ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा लेक प्रेमानंद मागं वळून बोलला. फादरनी फोनवर सांगितलं होतं, नाल्याकडच्या वाटेनं या. दिवस बराबर नाहीत, उगीच कुणी काही बोलायचं.

ती वाट अनुसयाबाईंना ठाऊक होती. नवरी म्हणून त्या तिथूनच आल्या होत्या. तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या नवरीला वेशीतून आणत नसत.

"वेशीतून घे," त्या म्हणाल्या.

"आई, तकलीफ व्हईल."

"माझी वरात मागल्या वाटेनं आली. हिची न्हाई येनार."

ट्रॅक्टर वेशीत शिरला. पारावरची माणसं माना वळवून बघू लागली. अनुसयाबाईंनी मूर्तीला एका हातानं कवटाळलं.

वाटेत मधोमध रुक्माबाई उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांच्याच हळदीच्या शेतात अनुसयाबाईंचा अर्धा जन्म निंदण्यात गेला होता. प्रेमानंदनं ब्रेक दाबला.

"फाट्यावरून कवाच खबर आली," रुक्माबाई म्हणाल्या. "व्हय गं अनुसया, लेकुरवाळी बाई उनातून आणली, आन् पायावर पानी न घालताच नेती?"

त्या ट्रॉलीजवळ आल्या. कडबा इकडून चाचपला, तिकडून चाचपला. पाय काही दिसेनात.

ट्रॉलीच्या कडेवरून दोन पाय खाली लोंबत होते, भेगाळलेले, धुळीनं पांढरे झालेले.

"तिचे घावत न्हाईत," रुक्माबाई म्हणाल्या. "तुझेच दे."

"मालकीणबाई, माझे काहून?" अनुसयाबाईंनी झटकन पाय वर ओढून घेतले.

रुक्माबाई हलल्या नाहीत. तांब्या तसाच कलता धरून उभ्या राहिल्या.

मग अनुसयाबाईंनी लुगडं जरा वर धरलं आणि पाय खाली सोडले. आधी एक, मग दुसरा.