तोंड गावाकडे

अडकित्ता कट्ट करून वाजला. दुपारपासून घरात कुणी बोललं नव्हतं, म्हणून सुपारी फुटल्याचा आवाज पार माडीपर्यंत गेला. पद्मावतीबाईंनी निकाल दिला, हे सुनेनं तेवढ्यावरनं ओळखलं.

"माझी सून लग्नाला मसणवाट्यावरनं जायची न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

चंदनानं ट्रंकेवरचा हात काढून घेतला. धाकट्या बहिणीची, कांताची, उद्या सकाळी हळद. आक्कानं पहिलं बोट लावल्याशिवाय पाटावर बसायची न्हाय, असा तिनं कोगनोळीहून निरोप धाडला होता. भाऊ, कुंथुनाथ, न्यायला आला होता. आहेराची भांडी गाडीत चढली होती. बैल दारात माना हलवत उभे होते. निघायचं कुठनं, एवढंच ठरत नव्हतं.

सगळं तिच्या नवऱ्याच्या, श्रीपालच्या, डोक्यातनं निघालेलं. पेठ जुनी आणि बोळ असला, की समोरनं दुसरी गाडी आली तर दोन्ही गाडीवानांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या. पावसाळा सरता सरता निपाणीची मोटार आणि तंबाखूची गाडी अशीच तोंडाला तोंड लावून अडकली. बैल काही मागं सरेनात. शेवटी मोटारीनंच माघार घेतली. तोंड पेठेकडं ठेवून ती पार वेशीबाहेर उलटी गेली, आणि पोरं टाळ्या पिटत तिच्यापुढं नाचली.

त्या दिवशी श्रीपाल नकाशा काढायला बसला. तो पेठेच्या रस्ता-कमिटीचा सेक्रेटरी. गाड्यांनी बाजारवेशीनं आत यायचं, पेठ ओलांडायची आणि नदीवेशीनं बाहेर पडायचं. बाणबिण काढून नकाशा असा झाला, की बेळगावाहून आलेल्या साहेबानंही तो वाखाणला. बाजारवेशीवर पाटी लागली. 'या वेशीत गाडीचे तोंड गावाकडेच असावे. न पाळणारास दंड.' ते वाक्य श्रीपालनं घरात इतक्यांदा मोठ्यानं म्हणून बघितलं, की त्यांची लेक बाळी अंगाई सोडून त्याच्यावरच झोपायला लागली.

एकच गोष्ट नकाशात आली नव्हती. नदीवेशीबाहेर मसणवाटा होता. त्या वेशीनं गावातलं माणूस आजवर आडवं होऊनच बाहेर पडलं होतं.

त्यामुळं पेठेत गाड्या येत होत्या, आणि जात नव्हत्या. शेजारच्या अंबुबाईकडं बारशाला आलेले पाहुणे अजून तिथंच जेवत होते.

"दाजी, आजच्यापुरतं बाजारवेशीनं जाऊ द्या की," कुंथुनाथ म्हणाला.

श्रीपालनं समोर बघितलं. समोरच्या कट्ट्यावर तंबाखूचा व्यापारी चंद्रप्पा सकाळपासून पान लावत बसला होता. सोमवारी त्याच्या गाडीला त्याच वेशीत दंड झाला होता. लावणारा श्रीपालच.

"चालू द्या, शिरपालअण्णा!" चंद्रप्पा तिथनंच ओरडला. "कायदा कुणाकुणाला हाय, तेवढं बघायला बसलोय."

"मी बाजारवेशीनं चालत जाते," चंदना म्हणाली.

"व्हय, आन ट्रंक घे डोस्क्यावर," सासूबाई म्हणाल्या. "पद्मावतीनं सून हाकलली, म्हणू दे पेठेला."

"पुढच्या कमिटीत विषय घेतो," श्रीपाल पुटपुटला.

"घे. तवर कांताला पोरगं हुईल," सासूबाई म्हणाल्या.

ऊन कौलांवरनं उतरायला लागलं. दिवस मावळला की जैनाघरची चूल बंद. आता निघालं नाही, तर माहेरी पोचूनही उपाशी झोपायचं. बाळी मांडीवर पेंगत होती. चंदना तिला थोपटत होती आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "या वेशीत गाडीचे तोंड गावाकडेच..."

थोपटणारा हात थांबला.

"कुंथू, बैल सोड."

"म्हंजे तू येत न्हाईस?"

"बैल सोड, आन मोकळं वेशीबाहेर नेऊन हुबं कर. नुस्ता बैल म्हंजे काय गाडी न्हवं. गाडी हितनं मागं ढकलायची. मोटार गेलती तशी." मग तिनं त्या दिवसात पहिल्यांदा नवऱ्याकडं बघितलं. "पाटीवर तोंडाचं लिवलंय. गाडीनं जायचं कुणीकडं, ते न्हाय लिवलं."

श्रीपालनं आपलंच वाक्य एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग त्यानं कोट काढून आईच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि स्वतःच जू धरलं.

गाडी निघाली. गाडीचं तोंड गावाकडं आणि चाकं माहेराकडं. चंदना पुढं तोंड करून बसली होती, म्हणजे नवऱ्याच्या समोरच. तो घामाघूम होऊन तिला माहेरी ढकलत होता, आणि दोघांना एकमेकांकडं बघितल्यावाचून इलाज नव्हता.

वेशीत मष्णू पहारेकरी लाल फडकं घेऊन उभा होता. त्यानं पाटी बघितली. गाडीचं तोंड बघितलं. तोंड गावाकडंच होतं. त्यानं अदबीनं फडकं हलवलं. "या, या, आत या," म्हणाला, आणि गाडी बाहेर जायला लागली.

चंद्रप्पाच्या हातातलं पान हातातच राहिलं. मग तो उठला, आणि बैल सोडायला आपल्या गड्याला हाका मारायला लागला. अंबुबाईचे पाहुणे वळकट्या घेऊन आधीच दारात आले होते.

हिसक्यानं बाळी जागी झाली. वाकून गाडी रेटणारा बाप तिनं बघितला. त्याच्यामागं लांब दारात कोट हलवून निरोप देणारी आजी बघितली, आणि बारीक बारीक होत चाललेलं घर. मग तिनं आईकडं बघितलं. आई हसत होती, आणि पदरानं डोळे पुसत होती.

"आई, आपण घरला चाललोय, का घरातनं?"

चंदनानं घराकडं बघितलं. मान वळवून कोगनोळीच्या वाटेकडं बघितलं. पुन्हा घराकडं.

"सांग की गं," बाळी म्हणाली.