डेल्त्येचा चौथा अर्थ

"आपल्या खुर्चीत आपल्याहून हुशार बाई बसवू नये गं," फेन्नाला तिच्या मोठ्या बहिणीनं बजावलं होतं. फेन्नानं ते हसण्यावारी नेलं. बाळंतपणाच्या रजेवर जाताना लायडनच्या शब्दकोश कचेरीत तिनं स्वतःच आपल्या जागी वित्स्केचं नाव सुचवलं.

निन्केचा जन्म झाला आणि मागोमाग बातमी आली, कायमची जागा एकच राहणार. दोघींपैकी कोण, ते कोशप्रमुख रुलोफ 'डेल्त्ये' या डच शब्दाची नोंद वाचून ठरवणार होता. हा शब्द फेन्नानं हट्टानं मागून घेतलेला. आता तो वित्स्के पुरा करत होती.

बाळ बघायला वित्स्के आली. तिच्या हातात जाताच निन्के गप्प झाली. आईला क्षणभर डोळा लागू न देणारी पोर!

"तुझ्या डेल्त्येनं छळलंय बाई मला," मुलगी झाल्याचा, गुलाबी बडीशेप पेरलेला टोस्ट खात वित्स्के म्हणाली. "एक, कण. तुझा नवरा प्रयोगशाळेत ज्याच्या मागं धावतो, तो. दोन, कशाचाही लहानसा भाग. तीन, पुस्तकमालेतलं छोटं पुस्तक. तू पूर्वेकडच्या ट्वेन्टची ना? तिकडं आणखी काही म्हणतात?"

म्हणत होते. फेन्नाच्या माहेरी, घरातल्याच खळ्याला लागून एक छोटं खळं होतं. तिथं वासरं बांधत. बाबा अजून त्याला डेल्त्येच म्हणायचे.

वित्स्के निन्केच्या टाळूवरून हात फिरवत होती. निन्के तिच्याकडं टकामका बघत होती.

"नाही," फेन्ना म्हणाली. "तीनच."

"नक्की? तू नाही म्हणालीस, तर मी पुढं कुणाला विचारणार नाही."

"नक्की गं."

बैठकीला फेन्ना निन्केला झोळीत घेऊन गेली. रुलोफनं नोंद मोठ्यानं वाचली. कुणाला काही सांगायचंय का, असं त्यानं विचारताच फेन्नाचा हात वर गेला.

"ट्वेन्टचा अर्थच नाही यात. छोटं खळं. तिकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितला असता."

वित्स्केनं चमकून तिच्याकडं पाहिलं.

"चूक सगळ्यांची होते," रुलोफ म्हणाला.

"ही चूक नाही, हलगर्जीपणा आहे." फेन्नाचा आवाज चढला. निन्के दचकली. "अख्खा अर्थ गाळणाऱ्या माणसाला तू कायमचं ठेवणार? मी तरी ठेवलं नसतं."

वित्स्के लालबुंद झाली.

"वित्स्के, बोल की," रुलोफ म्हणाला.

तिनं नकारार्थी मान हलवली.

रुलोफनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो फेन्नाकडं वळला. "मग मलाच सांगावं लागणार. मला ही जागा नको, फेन्नालाच द्या, असं म्हणून वित्स्केनं ही नोंद तुझ्या नावानं दिलीय."